पाळण्यातला पाटा

एका गावात पाऊस असा कोसळायचा की पावसाळाभर माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. भांडण चाललंय की जेवायला बोलावणं, हे लांबून कळायचं नाही. त्या गावात धाकोजी नावाचा एक माणूस राहायचा. मनाने चांगला, कामालाही वाघ, पण त्याच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला आला होता. तो शब्द म्हणजे ‘बघू’.

धाकोजीचं घर लहान होतं, कौलारू होतं, आणि त्यात एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं आंब्याचं जाडजूड आडवं लाकूड. त्याला तुळई म्हणत. सगळं छप्पर तिच्या खांद्यावर. तुळईत दोन लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या आणि घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा त्याच कड्यांना टांगला जायचा. धाकोजी स्वतः तिथेच झुलला, त्याची मुलगी शेवंतीही तिथेच झुलली. आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या देण्याआधी धाकोजी ती तुळई दाखवायचा.

एका उन्हाळ्यात एका वानराने फणसावरून छपरावर उडी घेतली आणि एक कौल फोडलं. कोपऱ्यातलं, बरोबर तुळईच्या टोकावरचं. धाकोजीची बायको येसू म्हणाली, “अहो, तेवढं कौल बदलून टाका.”

“बघू,” धाकोजी म्हणाला. “पावसाला अजून अवकाश आहे.”

पाऊस आला. येसूने पुन्हा आठवण केली, तर म्हणाला, एवढ्या पावसात छपरावर चढून मान मोडून घेऊ काय? पाऊस गेला. येसूने पुन्हा आठवण केली, तर म्हणाला, आता कुठे गळतंय? आता मला सांगा, अशा माणसापुढे कुणी काय बोलावं? पावसात चढता येत नाही आणि उन्हात चढायची गरज नाही, असा त्याचा बिनतोड हिशोब होता. दोन पावसाळे याच हिशोबात निघून गेले. कौलाचं काम पातेल्यावर पडलं आणि पातेलं ओतायचं काम येसूवर.

पण सगळं पाणी काही पातेल्यात पडत नव्हतं. काही भिंतीत मुरायचं, काही तुळईच्या टोकात. कोपरा कधी सुकेचना. मग त्या ओलीची बातमी कशी कोण जाणे, पण जिकडे तिकडे पसरली आणि घरात पाहुण्यांची रीघ लागली.

पहिल्या आल्या मुंग्या. बारीक, काळ्या, शिस्तीच्या. बाहेर त्यांच्या बिळात पाणी भरलं होतं आणि आत गुळाचा डबा होता, त्यांचं काय चुकलं? मग आली झुरळं. ओल्या पोत्यांच्या मागे त्यांनी असा संसार थाटला की येसूने पोतं हलवलं की घरभर पळापळ. झुरळं आली म्हणून पाल आली. न्हाणीतून गोम आली. गोधड्यांना बुरशीचा वास यायला लागला आणि पापडांच्या डब्यात कसले तरी बारीक किडे फिरायला लागले.

धाकोजी हात बांधून बसला असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या अंगात लढाईच संचारली. हातात वहाण घेऊन तो घरभर धावायचा, चुलीतली राख उंबऱ्यावर पसरायचा, कडुनिंबाच्या पाल्याचा असा धूर करायचा की शेजारी घागरी घेऊन धावत यायचे. झुरळ मेलं की विजयाने येसूकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी झुरळं तितकीच. सगळ्यांशी तो लढला, फक्त कौलाकडे गेला नाही. तेवढ्या वेळात छपरावर चार वेळा चढून उतरता आलं असतं, हे येसूने त्याला एकदा सांगूनही पाहिलं.

“बघू,” तो म्हणाला आणि एका पालीमागे धावला.

तिसऱ्या पावसाळ्यात मात्र अशी गोष्ट घडली की सगळा गाव हादरला.

एका सकाळी येसू पातेलं उचलायला गेली तर कोपऱ्यात मातीचा उंचवटा. लाल, ओला, बोटाबोटांसारखा वर आलेला. रात्रीत कुणी आणून ठेवावा तसा. तिने धाकोजीला हाक मारली. त्याने पाहिलं आणि त्याच्या हातातली वहाण गळून पडली. ते वारूळ होतं.

इथे एक सांगायला हवं. त्या गावची देवी वारुळाच्या रूपात होती. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नव्हती, पुरुषभर उंचीचं वारूळ होतं, त्यालाच हळदकुंकू, त्यालाच साडी. त्यामुळे गावात कुठेही वारूळ उठलं तरी कुणी त्याला फावडं लावत नसे. शेतात उठलं तर नांगर वळसा घालून जायचा. आणि आता खुद्द धाकोजीच्या माजघरात वारूळ उठलं होतं.

“येसू, आई आपल्या घरी आली गं,” धाकोजी म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

येसूचेही हात जोडले गेले. तिच्याही अंगावर काटा आला. का येऊ नये? आयुष्यभर जिच्या पायरीवर डोकं ठेवलं, ती आपल्या स्वयंपाकघराच्या शेजारी येऊन बसली, याहून मोठा आनंद कुठला?

दुपारपर्यंत गाव लोटला. भर पावसात, डोक्यावर पानांची इरली घेऊन, चिखल तुडवत. नारळ आले, जास्वंदीचे हार आले, ढोल आले. कोपऱ्यात समई लागली. येणारा प्रत्येक जण वारुळावर तांब्याभर पाणी आणि पळीभर दूध घालून जाऊ लागला. वरून फुटक्या कौलातून धार पडतच होती. कुणीतरी म्हणालं, पाऊसच देवीला अभिषेक करतोय. ते ऐकून सगळ्यांना भरून आलं. धाकोजीने पातेलं उचलून अडगळीत टाकलं आणि कौलाचा विषय कायमचा संपला. देवीच्या अभिषेकाचं पाणी अडवायला कोण जाणार?

वारूळ दिवसेंदिवस वाढू लागलं. का वाढणार नाही? ओल होती, दूध होतं आणि तोंडाशी लाकूड होतं. गावकरी म्हणत, देवी प्रसन्न आहे. काल ज्याला कुणी ओळख देत नसे, त्या धाकोजीच्या आता वाटेत लोक पाया पडू लागले. तो मान किंचित तिरकी करून चालू लागला. तुळई दाखवायचंही तो विसरला.

त्याच दिवसांत शेवंती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्या घरात तिला मुलगी झाली. गोरीपान, मूठ घट्ट मिटलेली, रडायला लागली की पावसाचा आवाज बंद पडावा अशी. घरात आनंदाला जागा पुरेना. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. धाकोजीने जाहीर केलं की पाळणा तुळईलाच टांगायचा, देवीच्या नजरेसमोर. असं बारसं या गावात कधी झालं नाही आणि होणार नाही.

बारशाचा दिवस उजाडला. शेवंतीच्या सासरची मंडळी पावसातून बैलगाड्या घेऊन आली. चुलीवर घुगऱ्यांचं पातेलं रटरटत होतं, पडवीत मुलांनी गोंधळ मांडला होता, बायका पाळण्याला झेंडू बांधत होत्या. धाकोजीने स्टुलावर चढून पाळण्याच्या साखळ्या कड्यांत अडकवल्या आणि ढोल वाजला. पाळणा टांगला गेला, रिकामाच हलला, सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं.

पाळण्यात दुपटं अंथरायला येसू पुढे झाली. तिने दुपटं पसरलं आणि त्यावर भुरभुर काहीतरी पडलं. पिवळसर, बारीक, रव्यासारखं. तिने झटकलं. पाळणा हलला तसं आणखी पडलं. येसूने वर पाहिलं.

वारुळाच्या माथ्यापासून भिंतीवरून मातीची एक रेघ वर गेली होती. बोटभर जाड, वेड्यावाकड्या नळीसारखी. ती तुळईच्या टोकाला भिडली होती आणि तिथून तिला फाटे फुटून ते लाकडाच्या पोटाखालून कड्यांपर्यंत आले होते. इतके दिवस हारांकडे बघताना कुणाची नजर तिथवर गेली नव्हती.

येसू स्वयंपाकघरात गेली, चुलीची लोखंडी फुंकणी घेऊन आली आणि पाळण्याचा झेंडू नीट करण्याच्या निमित्ताने स्टुलावर चढून तिने ती फुंकणी तुळईच्या टोकाला टेकवली. जोर लावायचीही वेळ आली नाही. फुंकणी पापडातून जावी तशी आत गेली.

छप्पर त्या तुळईवर, पाळणा त्या तुळईला आणि आता पाळण्यात बारा दिवसांचं बाळ ठेवणार. तिने धाकोजीला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. लाकूड आतून पोकळ आहे, पाळणा उतरवा, बारसं पडवीत करू.

धाकोजीचा चेहरा उतरला. क्षणभर तो घाबरलाही, हे खरं. पण बाहेर ढोल वाजत होता, व्याही बसले होते, सगळा गाव त्याच्या घरात होता. आता पाळणा उतरवायचा म्हणजे देवीने आपलंच घर खाल्लं असं चारचौघांत म्हणायचं. त्याच्याने ते होईना.

“आज नको,” तो हळूच म्हणाला. “बारसं होऊन जाऊ दे. देवी सांभाळेल. उद्या बघू.”

आणि तो बाहेर गेला. जाताना त्याने येसूच्या नजरेला नजर दिली नाही.

येसू एकटी उभी राहिली. तिचा राग उफाळून आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीती दोन्ही बाजूंनी होती. ओरडून सांगावं तर देवीचा अपमान, गप्प बसावं तर नातीचा जीव. ती वारुळापाशी जाऊन बसली. हात जोडले आणि मनात म्हणाली, आई, तू इथे असशील तर राग मानू नकोस, नसशील तर मला लवकर कळव.

वरून एक थेंब टपकन तिच्या हातावर पडला. वारुळाचा ओला तुकडा सुटला आणि आतून पांढुरक्या, मऊ वाळव्या तिच्या बोटांवरून घाईघाईने धावत तुळईच्या दिशेने वर निघाल्या. येसूने त्यांच्याकडे बघितलं. मग वर बघितलं, फुटक्या कौलातून दिसणाऱ्या आभाळाकडे. आणि एकदम तिला देऊळ आठवलं. ती ताडकन उठली.

तेवढ्यात बायका वरवंटा शोधत आल्या. तुम्हाला माहीतच आहे, बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा झोपवतात. त्याला कुंची घालतात, पाळण्याखालून वरून फिरवतात, कुणी गोविंद घ्या म्हणतात, कुणी गोपाळ. त्या दगडाच्या बाळाकडे बघून येसूला जी युक्ती सुचली, ती सुचायला आजीच व्हावं लागतं.

तिने शेवंतीला आत बोलावून कानात दोन वाक्यं सांगितली. शेवंती पांढरीफटक पडली. बाळाला छातीशी घट्ट धरून ती तडक पडवीत जाऊन बसली. मग येसू बायकांना म्हणाली, “वरवंटा एकटा कसा झोपेल? माझ्या माहेरी त्याच्याबरोबर पाटाही झोपवतात.”

येसूच्या माहेरी असलं काही नव्हतं. पण बारशाला कोण वाद घालतो? वाटणाचा मोठा काळा पाटा आला. दोघींनी तो हाश्शहुश्श करत उचलला, खणात गुंडाळला, कुंकू लावलं आणि पाळण्यात वरवंट्याशेजारी ठेवला. साखळ्या ताणल्या. बायकांना हसू आवरेना. एवढं थोराड बाळ कुणी पाहिलं नव्हतं.

“चला, आधी घुगऱ्या,” येसूने पुकारा केला. “पडवीत वाटतेय, गरम आहेत तोवर घ्या. माजघरात कुणी थांबायचं नाही, देवीला जरा निवांत बसू द्या.”

गरम घुगऱ्या म्हटल्यावर कोण थांबतंय? माजघर रिकामं झालं. येसूने पाळण्याची दोरी उंबऱ्याबाहेर आणली आणि पडवीत उभी राहून ती ओढली. पाळणा झुलला. आतून कुईं असा आवाज आला.

धाकोजी तोंडात घुगऱ्या घेऊनच धावत आला. हे काय चाललंय, बाळ कुठंय, पाळणा असा बाहेरून कोण हलवतं, असं तो विचारू लागला.

“आधी पाटा झोपतो,” येसू म्हणाली. “देवी सांभाळणार आहे ना? मग पाट्यालाही सांभाळेल.”

तिने पुन्हा दोरी ओढली. करकर आवाज आला. आता पडवीतलं चघळणं थांबलं. देवीच्या समईवर कचरा पडतोय हे पाहून धाकोजी आत शिरायला निघाला. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि येसूने दोरी सोडून त्याचं उपरणं दोन्ही हातांनी धरलं. तो पुढे ओढतोय, ती मागे ओढतेय, आणि पाळणा आपल्या झोक्याने एकदा पुढे गेला, एकदा मागे आला.

कडाड.

घर हललं. तुळई मधोमध दुमडली, पाळणा पाट्यासकट खाली आदळला, त्याच्यावर तुळईचं टोक, त्याच्यावर वासे, त्याच्यावर कौलांचा पाऊस. धुरळा पडवीपर्यंत आला. बायका किंचाळल्या, ढोलवाला ढोल टाकून अंगणात पळाला, बैल दावी तोडायला लागले. मग सगळं शांत झालं आणि उघड्या छपरातून खराखुरा पाऊस माजघरात पडू लागला.

शेवंतीच्या मांडीवर बाळ झोपलेलं होतं. एवढं होऊन त्याने डोळासुद्धा उघडला नाही.

धुरळा बसला तसे सगळे दारातून डोकावले. पाळण्याच्या फळ्यांचा चुरा झाला होता. खणात गुंडाळलेल्या पाट्याचे दोन तुकडे झाले होते. त्या तुकड्यांकडे बघून शेवंतीची सासू मटकन खालीच बसली, कारण तिथे काय असणार होतं ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं. वारूळही तुळईखाली सपाट झालं होतं. आत देवीची खूण काही नव्हती. लाखो वाळव्या इकडेतिकडे पळत होत्या.

धाकोजीने तुळईचा एक तुकडा उचलला. बाहेरून चांगला दिसत होता. हातात धरताच पाक कमी पडलेल्या लाडवासारखा भुगा झाला. तो भुगा मुठीत घेऊन धाकोजी उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

“देवी कोपली,” गर्दीतून कुणीतरी कुजबुजलं.

तेव्हा येसू वळली. तिचा आवाज स्वच्छ होता.

“देवळातल्या वारुळावर कधी एक थेंब पडलेला पाहिलात?” तिने विचारलं. “दर उन्हाळ्यात तिथलं कौल न् कौल परतलं जातं. गाभारा दगडाचा, लाकडाचा तुकडा आत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण आईला कोरडी ठेवली. आणि इथे आमचं छप्पर गळतं, तर आम्ही त्याला अभिषेक म्हणालो.”

देवळाचा म्हातारा गुरव गर्दीत होता, त्याने फक्त मान हलवली आणि सगळ्यांना आपल्यामागून यायची खूण केली.

बारसं देवळाच्या सभामंडपात झालं. पाळणा नव्हताच, म्हणून चार बायकांनी एका लुगड्याची चार टोकं धरून झोळी केली. घुगऱ्या वाचल्या होत्या, त्या वाटल्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीवर बुक्के बसले, आणि गाभाऱ्यातली खरी देवी कोरड्या साडीत बसून हे सगळं बघत होती. येसू तिच्यासमोर खूप वेळ डोकं टेकून राहिली. आई लवकर कळवते, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची.

गावाने मिळून धाकोजीचं घर उभं केलं. पुढच्या उन्हाळ्यात, आंबेही पिकले नव्हते तेव्हा, धाकोजी कौलं घेऊन छपरावर चढलेला दिसला. आपलं झालं तसा शेजाऱ्याच्या छपरावर गेला. वरूनच लोकांच्या घरात डोकावून ओरडायचा, अहो, तुमची भिंत ओली दिसतेय, पोती हलवा, ऊन दाखवा. लोक हसायचे आणि पोती हलवायचे. त्या पावसाळ्यात घरात मुंग्या आल्या, पण गुळाचा घट्ट झाकलेला डबा बघून परत गेल्या. झुरळांना दडायला ओलं पोतं सापडेना. धाकोजीच्या हातातली वहाण पुन्हा त्याच्या पायात गेली.

नात चालायला लागल्यावर एकदा आजोळी आली होती. बाहेर धो धो पाऊस. धाकोजी तिला मांडीवर घेऊन जेवत होता. तिच्या नाकावर काहीतरी पडलं. तिने नाक पुसलं, वर बोट दाखवलं आणि म्हणाली, “थेंब.”

येसूने पानातून मान वर केली आणि नवरा काय म्हणतोय याची वाट पाहू लागली. धाकोजीने तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर जुना शब्द आलाही असेल, कुणास ठाऊक. पण त्याने नातीला येसूच्या मांडीवर दिलं, उष्ट्या हातानेच इरलं डोक्यावर घेतलं आणि भर पावसात शिडी लावली.

तात्पर्य, कौल सरकवण्याइतकं सोपं: किडामुंगीला घरात ओल बोलावते आणि ओलीला आपला आळस; म्हणून लढायचं असेल तर आधी छपरावर चढा, आणि आपल्या आळसाला देवाचं नाव देऊ नका.